तेरच्या मिस्त्रीचे सांधे

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या हद्दीतली माणसंच तसली. देवळात जाताना मी एक चप्पल दाराच्या डावीकडं काढतो आणि दुसरी पार उजवीकडं. जोडी दिसली नाही तर चोर हात लावत नाही. दूध बोटावर घेऊन बघितल्याशिवाय मी दूधवाल्याला दारातून हलू देत नाही. आमची मंडळी म्हणते, "यम आला तरी तुम्ही आधी त्याचा रेडा तपासाल." तपासेन. न तपासता बसण्यात काय शहाणपण आहे?

मी सोलापुरात एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. घराच्या माडीवर चार फळ्या जोडून मी एक आगगाडी मांडली आहे. रूळ, एक पूल, एक स्टेशन, मातीचा डोंगर, आणि लढाईच्या आधी मुंबईहून आणलेलं चावीचं जर्मन इंजिन. कुणी विचारलं तर भाच्यांसाठी आहे म्हणून सांगतो. भाचे पुण्याला असतात, त्यांनी ती अजून पाहिलेली नाही. आम्हाला मूलबाळ नाही. शाळा सुटल्यावर माडीवर काहीतरी हलताना दिसावं एवढ्यासाठी मी ती मांडली, खरं कारण हेच.

गाडीचं सगळं ठीक होतं, सांधे सोडून. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला सांधा म्हणतात. तिथं दोन निमुळत्या पट्ट्या असतात, त्यांना जीभ म्हणायचं. दांडा हलवला की जीभ इकडची तिकडं सरकते आणि गाडीची वाट बदलते. जीभ रुळाला घट्ट भिडली नाही, केसाएवढी जरी फट राहिली, तरी चाक त्या फटीत शिरतं आणि गाडी घसरते. माझे जर्मन सांधे गंजून गेले. मग एका घड्याळजीनं करून दिले, एका कासारानं, एका गिरणीतल्या फिटरनं. तिघांनीही छातीवर हात ठेवून खात्री दिली होती. इंजिन दोनदा जमिनीवर पडलं, एका चाकाचा टवका उडाला. लढाईमुळं विलायती माल बंद. तिसऱ्यांदा पडलं असतं तर इंजिन गेलंच असतं आणि माडी पुन्हा मुकी झाली असती.

उमरग्याचे शेंगांचे व्यापारी चनबसप्पा सोलापूरच्या अडतीवर आले की आमच्याकडं चहाला येतात. त्यांनी माडीवरचा हा प्रकार पाहिला.

"मास्तर, तेरला जावा," ते म्हणाले. "तिथं कासीम मिस्त्री हाय. आदी छोट्या गाडीच्या लाइनीवर व्हता, खरे सांधे त्योच सांभाळायचा. आता खेळण्यातले करतो. मुंगी सोडली तर मुंगी बी वळंल."

"मग लाइनीवरची नोकरी त्यानं का सोडली?"

चनबसप्पांनी बशीतला चहा सावकाश संपवला. "माजी भैन तेरातच दिलीया. तिच्याकडं उतरा," एवढंच म्हणाले.

विचारलेल्या प्रश्नाला बगल देणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव आहे. पण इंजिनाची काळजी त्याहून मोठी होती. नाताळच्या सुटीत इंजिन, चार डबे आणि रुळाचे थोडे तुकडे एका पत्र्याच्या पेटीत भरून मी निघालो.

येडशी

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. बार्शी गेली, पांगरी गेली, आणि बालाघाटाची चढण लागली तशी गाडी इतकी हळू झाली, की काही माणसं खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढली. सगळे हसत होते. मला वाटलं, ह्यांच्याकडं तिकीट नसणार, तपासनीस आला की असे उतरत असतील. एकानं ओंजळभर बोरं माझ्यापुढं केली. मी आतून किडकी आहेत का ते बघून तीन घेतली. तिन्ही गोड निघाली, पण तो योगायोगही असू शकतो.

रामलिंगाच्या देवळाच्या बाजूचं रान खिडकीतून दिसत होतं. पळस, सीताफळी, खाली कोरडा ओढा आणि त्यात वानरांचा मेळा. एक थोराड वानर रुळाच्या कडेला बसून माझ्या पेटीकडंच बघत होतं, असं मला वाटलं. मी पेटी मांडीवर घेतली.

येडशीला उतरलो आणि करोडगिरीच्या नाक्यावर अडकलो. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली जकात. तिथले जमादार पिकल्या मिशांचे, आवाज मऊ. असल्या मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी पेटी उघडली, चाकं बघितली, कमान बघितली, आणि दोन पावलं मागं सरकले.

"हे काय हाय?"

"खेळणं."

"खेळणं एवढं जड?" लढाईचे दिवस, त्यांना माझा आणि मला त्यांचा संशय आला. शेवटी म्हणाले, "चालवून दावा."

मी चावी दिली. इंजिन नाक्याच्या फरशीवरून खुडखुडत गेलं आणि त्यांच्या जोड्याला धडकून थांबलं. आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती. जमादारांनी रजिस्टर पुढं ओढलं, बराच विचार केला आणि लिहिलं: चावीचा उंदीर, एक.

"उंदीर नाही, इंजिन आहे ते," मी म्हणालो. परत जाताना हाच कागद दाखवायचा होता, तेव्हा पेटीत उंदीर कुठून आणू?

"मास्तर," ते आणखी मऊ आवाजात म्हणाले, "इंजिन लिवलं तर वरची मंजुरी लागती. उंदराला लागत न्हाय. सुखानं जावा."

ह्याला भलेपणा म्हणतात हे मला बैलगाडीत बसल्यावर कळलं. आमच्या इंग्रजी हद्दीत नियमाचं बोट धरून माणसाला तीन दिवस बसवून ठेवलं असतं.

मल्लव्वाचं घर

येडशी ते तेर बैलगाडीनं अर्धा दिवस गेला. दोन्ही बाजूंना जोंधळा निसवलेला, मधेमधे करडईचे पिवळे पट्टे. गाडीवानानं एका शेतात गाडी थांबवली, आणि ओळख ना पाळख, शेतकऱ्यानं आम्हाला आगटीत भाजलेला हुरडा खाऊ घातला. शेंगांची चटणी आमच्या सोलापूरचीच, पण लसूण दुप्पट. पैसे घेईना. मी गाडीवानाला हळूच विचारलं, ह्याला माझ्याकडून काय हवंय? तो म्हणाला, "तुमी खाल्लं, झालं की." मला ते पटलं नाही, पण हुरडा संपवला.

तेरणा नदी ओलांडली तेव्हा ऊन कलत होतं. गाव मोठं, जुनं. जुनं किती, ते पांढरीच्या, म्हणजे मोडलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडांवर समजतं. पाऊस पडून गेला की तिथं मणी आणि फुटक्या मूर्ती वर येतात, पोरं त्या गोळा करतात. एकानं मला एक मणी दिला. मी तो दाताखाली धरून पाहिला.

चनबसप्पांची बहीण मल्लव्वा उंबऱ्यातच उभी होती. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का, हा तिचा पहिला प्रश्न, आणि उत्तराची वाट न बघता तिनं पाट मांडला. भाकरी, येसराची आमटी आणि हुलग्याचं माडगं. मी वाटी नाकाजवळ नेली.

"वास काय घेता, मास्तर?" ती म्हणाली. "माडग्याला वास असतोच. इख घालायचं असतं तर आमटीत घातलं नसतं का, तिखटात कळत न्हाय."

मी मुकाट्यानं जेवलो. आमटी दोनदा घेतली.

जेवणानंतर मिस्त्रीचं नाव काढलं तशी ती म्हणाली, "आण्णानं तुमाला सांगितलं न्हाय व्हय? त्याच्या सांध्यानं गाडी पाडली."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टेशनाचं नाव मिस्त्रीनंच लिहू नका म्हटल्यामुळं लिहीत नाही. अव्वल तालुकदार, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर, त्यांचा डबा गाडीच्या शेवटी जोडला होता. स्टेशनात शिरताना पुढचे डबे सांध्यावरून बाजूच्या रुळावर वळले आणि शेवटचा डबा सरळ गेला. डबा आडवा झाला. साहेब वाचले, त्यांच्या एका चपराशाचा पाय गेला. चौकशी बसली. सांध्यावर उभा असलेला रामा सांधेवाला म्हणाला, मी दाबून धरलेला दांडा सोडला नाही. त्यानं सोडला नाही म्हटल्यावर सांधाच खोटा ठरला, आणि सांधा खोटा म्हणून तो सांभाळणारा मिस्त्री घरी बसला.

"तवापासून गावात कुनी त्याच्याकडनं मोटंचं चाक करून घेत न्हाय, गाडीचा आख घेत न्हाय," मल्लव्वा म्हणाली. "ज्याच्यावर भार यायचा त्ये काम त्याला न्हाय. कुलपं, चाळण्या आन् खेळणी. मानूस वाईट न्हाय. पर त्याचा सांधा नगा घेऊ."

मी चनबसप्पांवर मनातल्या मनात खूप चिडलो. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, इतकं आलोच आहे तर सांधा कसा खोटा असतो ते तरी बघून जावं. त्या वेळी माझा निकाल लागलेलाच होता, हे कबूल करायला हवं.

तीन सांधे

कासीम मिस्त्री साठीचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या पडवीत एक लांब फळी होती. तिच्यावर रूळ ठोकलेले आणि त्या रुळांत तीन जागी तीन तऱ्हेचे सांधे. मी कोण, कुठला, हे सांगितलं. त्यांनी माझं इंजिन हातात घेतलं, चाकाच्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "किती येळा पडलं?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा न्हाय पडायचं," ते म्हणाले.

छातीवर हात ठेवणारे तीन लोक मी आधीच पाहिले होते. मी विचारलं, किंमत काय. त्यांनी मान हलवली. "किंमत नक्को. एक चिठ्ठी लिवून द्या. कासीम मिस्त्रीचा सांधा तपासला, खरा हाय, आन् खाली तुमची सही. ढोकीला नवं जिनिंग निघतंय. मालक म्हनतो, कुन्या शिकल्या मानसाची साक्ष आन, मग यंत्रावर घेतो. गावात मला साक्ष कोन देनार?"

आता आलं लक्षात, मी मनाशी म्हणालो. ह्यांना माझी सही हवी होती. न वाचलेल्या कागदावर आणि न तपासलेल्या मालावर मी आजवर सही केलेली नाही. "तपासल्याशिवाय लिहिणार नाही," मी सांगितलं, "आणि मी फार वाईट तपासतो."

"तपासा," मिस्त्री म्हणाले. "बारा वर्सांत कुनी तपासलं न्हाय."

दीड दिवस मी ते सांधे तपासले. आधी फळी उलटी करून खाली लोहचुंबक वगैरे नाही ना ते बघितलं. मग तिच्या एका टोकाखाली अर्धी वीट सरकवली; सपाट जागी कुणाचाही सांधा शहाणा असतो. उजव्या हातानं दांडा चालवायचा, डाव्या हातात वही, दर फेरीला एक रेघ. वही मळू नये म्हणून डावा हात मी कशालाही लावत नव्हतो.

पहिला सांधा कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा. जीभ आपोआप रुळाला दाबून धरतो. इंजिन झोकात गेलं, पण रिकामा डबा उलटा ढकलला की त्याच्या अंगात जोर नसल्यामुळं कमानच त्याला उचलून टाकायची. दुसरा खिट्टीचा. दांडा टाकला की खिट्टी बसते आणि हात मोकळा होतो. मी तिच्यात चिमूटभर धूळ टाकली आणि ती अर्धवट बसायला लागली. "माडीवर धूळ येनारच," मिस्त्री म्हणाले, "ह्यो नगा घेऊ." स्वतःच्या मालाला नको म्हणणारा विक्रेता मी प्रथमच पाहिला आणि अर्थातच जास्त सावध झालो.

तिसरा वजनाचा, खऱ्या छोट्या लाइनीवर असतो तसा. दांडा मोकळा असला की वजनामुळं जीभ अशी राहते की गाडी सरळ जावी. दांडा दाबला की गाडी बाजूच्या रुळावर वळते, पण शेवटचा डबा जाईपर्यंत तो दाबूनच धरायचा. सोडला की वजनानं जीभ परत सरळ.

"ह्याच्यात कमान न्हाय, खिट्टी न्हाय," मिस्त्री म्हणाले. "बिगडायला काय हायच न्हाय. फकस्त हात पायजे."

हा सांधा जुळवायची त्यांची रीत मला फार आवडली. दिव्याची काजळी तेलात कालवून ते जिभेला माखायचे, जीभ रुळावर दाबून उचलायचे आणि भिंग लावून रूळ बघायचे. रुळावर जिथं काळं उमटलं नाही तिथं फट. मग कानस घेऊन दोन हात फिरवायचे, पुन्हा काजळी. सकाळभर हे चाललं होतं. त्यांची बोटं, सांध्याची जीभ, दांड्याची मूठ, सगळं काळं. मी वहीचं पान जीभ आणि रूळ यांच्या मधे सरकवून बघितलं, शिरेना. पुढून, मागून, जोरात, हळू, रिकाम्या डब्यांनी, खडे भरून, दोनशे फेऱ्या झाल्या. गाडी एकदाही घसरली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण एवढं चांगलं काम करणाऱ्याचा खरा सांधा खोटा कसा निघाला, ह्याचा उलगडा होईना, आणि उलगडा न झालेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, आणखी थोडं बघू."

"बघा की," ते म्हणाले. पण त्यांनी दौत आणि टाक कोनाड्यातून काढून आधीच जवळ ठेवला होता.

पाटील

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस पाटील आले. इंग्रजी हद्दीतला परका माणूस पेटी घेऊन मिस्त्रीच्या पडवीत दोन दिवस बसतो, ही खबर त्यांना न लागती तरच नवल. फेटा, काठी, मागं चार माणसं. त्या वेळी गाडी सांध्यावर होती, मी दांडा दाबून धरलेला. इंजिन वळलं, तीन डबे वळले. पाटील पायरी चढले. शेवटचा डबा सरळ गेला, तिरपा झाला आणि फळीवरून खाली पडला.

पाटलांनी काठीनं तो डबा हलवून पाहिला.

"बगा," ते मागच्यांना म्हणाले. "ह्येच झालंतं तवा. म्होरले वळले, मागला सरळ." मग माझ्याकडं वळून, "मास्तर, तुमी दांडा सोडलाता का?"

"नाही," मी म्हणालो. "मी दांडा सोडलाच नाही." शपथ घ्यायला सांगितली असती तर घेतली असती.

"ऐकलंस कासीम? सोलापूरचा शिकल्याला मानूस सांगतोय."

मिस्त्रींनी डबा उचलला, फडक्यानं पुसला आणि माझ्या पेटीत ठेवला. मग दौतीला बूच लावलं. मी इंजिन, बाकीचे डबे आणि रुळाचे तुकडे भरले, पेटी बंद केली आणि जमिनीवर पडलेली वही उचलून खिशात घातली. मनात म्हणालो, सुटलो. दोनशे फेऱ्या गोड बोलून जातात आणि दोनशे एकावी फसवते, मला ठाऊकच होतं. वाटेत पाटलांनी मला पानसुद्धा दिलं.

मल्लव्वानं अंगणात हातावर पाणी घातलं. उजवा तळवा काळा होता, तो असणारच. पण डावाही काळा होता. बोटांना डाग नाहीत, बरोबर तळव्याच्या मधोमध, आणि उजव्यावर मुठीचा जसा वण तसाच डाव्यावर, फक्त उलटा.

मी हात पुढं धरून तसाच उभा राहिलो. डाव्या हातात वही होती. मग ती जमिनीवर कशी पडली? पाटील पायरी चढले. वयानं, मानानं मोठा माणूस दारात आला. मी काय केलं असेल? कुणीही जे करतो ते. मी दोन्ही हात जोडले.

मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. नमस्कार हे काही काम नव्हे, तो होतोच. आयुष्यभर मी साऱ्या जगावर संशय घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो माणूस तेवढा राहून गेला. मला स्वतःची फार लाज वाटली.

"पानी वतू का बास?" मल्लव्वानं विचारलं.

"हात धुवायचे नाहीत," मी म्हणालो आणि तसाच परत मिस्त्रीच्या पडवीत गेलो.

ते उकिडवे बसून त्या सांध्याच्या जिभेला पुन्हा काजळी लावत होते. मला पाहून मान वर न करता म्हणाले, "कुठं फट न्हाय घावत, मास्तर. लाइनीवरल्या सांध्याला बी घावली नव्हती. तरीबी कदी कदी वाटतं, खोटाच असंल. येवढे लोक म्हनतात."

बारा वर्षं हा माणूस स्वतःच्या कामात फट शोधत बसला होता. मी दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझा डावा हात भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघितला.

"ह्ये चावडीवर बोलाल?" त्यांनी विचारलं.

चावडी

चार माणसांपुढं आपली चूक कबूल करण्याची मला सवय नाही. आमच्या शाळेत तर तशी पद्धतच नाही. रात्रभर मी डावा हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपलो, आणि सकाळी मिस्त्री, ती फळी आणि मी चावडीवर गेलो.

पाटील होते, दहाबारा माणसं होती, आणि खांबाला टेकून एक पिकल्या दाढीचा माणूस बसला होता. तोच रामा सांधेवाला. मूळचा बेंबळीचा, लाइनीवरून उतरल्यापासून इथंच चावडीची राखण करायचा. मी सगळ्यांना हात दाखवले. म्हणालो, "काल मी खोटं बोललो. खोटं बोलतोय हे मला माहीत नव्हतं, पण बोललो. पाटील आले, मी नमस्कार केला, दांडा सुटला. मिस्त्रींचा सांधा खरा आहे."

पाटलांना राग आला नाही, उलट त्यांना माझी थोडी दया आली असावी. "तुमचा हात सुटला असंल, मास्तर. तुमी चित्रं काडनारे. रामाचा न्हाय सुटला. चौकशीत लिवल्यालं हाय. रामा पुरता शुद्धीत व्हता, डबा समोर येताच त्यानं सायबाला सलाम केला. सायबांनी सोता साक्ष दिली, ह्यानं मला अदबीनं सलाम केला म्हनून."

चावडीतल्या सगळ्या माना हलल्या. बारा वर्षं गाव हे वाक्य बोलत आलं होतं. मिस्त्रीही ऐकत आले होते, आणि मान हलवत आले होते. ह्या वेळी त्यांची मान हलली नाही.

"रामा," ते हळू म्हणाले, "सलाम कुठल्या हातानं केलास?"

"उजव्याच हातानं," रामा म्हणाला. "सलाम काय डाव्यानं करत्यात?"

"आन् डाव्या हातात काय व्हतं?"

"झेंडी," रामा म्हणाला.

रामानं डावी मूठ वळली, जशी झेंडीच्या काठीवर असते. उजवा हात खाली दाबून धरला. मग तो उजवा हात कपाळाकडं निघाला आणि अर्ध्यावरच थांबला. त्या हाताकडं तो बघत राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"म्या सोडला न्हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "सोडल्यालं मला कळलंच न्हाय."

"मास्तरांना बी न्हाय कळलं," मिस्त्री म्हणाले.

मी तिथंच चिठ्ठी लिहायला बसलो. कासीम मिस्त्रींचे सांधे मी दीड दिवस तपासले, वजनाचा सांधा पूर्ण खरा आहे, दोष सांध्यात नव्हता, दांड्यावरच्या हातात होता. खाली सही केली. रामानं विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं.

"कुनाचा हात, त्ये लिवलं न्हाय," तो म्हणाला.

"मास्तरांचा," मिस्त्री घाईनं म्हणाले. "मास्तरांचाच की. कालचीच गोष्ट लिवलीया. तू बस खाली, रामा."

रामा बसला नाही. खांबाचा आधार घेत तो माझ्यापर्यंत आला आणि त्यानं अंगठा पुढं केला. "मास्तरांचा हात लिवला, आता माजा लिवा," तो म्हणाला. "बारा वर्सांमागचा."

मी पाटलांकडं बघितलं. त्यांनी शाईची डबी रामाच्या बाजूला सरकवली.